हुबेहूब बाईची तक्रार

शाईकाकांच्या हातून सबंध नोकरीत एकच मोठी चूक झाली, आणि तीही सभ्यपणापायी.

पोलीस ठाण्यात सगळ्यांच्या टेबलांवर कधीचेच संगणकाचे पडदे आले होते. तक्रारींचं जाडजूड पुस्तक मात्र अजून शाईनंच लिहायचं असा नियम होता. ते पुस्तक ज्या हवालदारांच्या ताब्यात, ते शाईकाका. मनगटावर निळा डाग, नाकावर घसरलेला चष्मा, आणि समोर येईल त्याला आधी "बसा" म्हणायची सवय. मग तो चोर का असेना.

आता शहरात माणसांसारखी यंत्रं फिरू लागल्याला बरीच वर्षं झाली होती. लोक त्यांना हुबेहूब म्हणत. चालणं, बोलणं, डोळ्यांची उघडझाप, कशात म्हणून फरक नाही. ओळखायची खूण एकच: मानेवर, केसांखाली, नाण्याएवढा चट्टा. म्हणून वरून हुकूम आला होता की तक्रार लिहिण्याआधी मान तपासावी, कारण यंत्राची तक्रार घेता येत नाही. पुरुषांच्या माना काका बघत. पण परक्या बाईमाणसाला "केस वर करा" म्हणायचं? ते वाक्य काकांच्या घशातून बाहेरच पडत नसे. देवानं जीभ दिली ती काय यासाठी?

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई आली. साधा राखाडी सदरा, केस मानेवर घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर चार दिवसांचं जागरण असावं तशी शांतता. काकांनी "बसा, बाई" म्हणून पाण्याचा पेला पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि तसाच धरून ठेवला.

"कोण हरवलंय?"

"मुलगी. आईची मुलगी."

"म्हणजे तुमची बहीण?"

"तसं कुणी लिहून दिलेलं नाही. आई मला आक्का म्हणायची."

काकांनी लिहिलं: मानलेली बहीण.

"तुमचं वय?"

"अकरा वर्षं."

बिचारी दुःखात आहे, आईकडे किती वर्षं होती ते सांगतेय, असं समजून काकांनी अंदाजानं पस्तीस लिहिलं.

"बहीण कधीपासून बेपत्ता?"

"चौदा वर्षं, दोन महिने."

"आणि तक्रार आज?"

"आई सोमवारी गेली. तिचा निरोप आहे, मुलीलाच सांगायचा. मला पत्ता माहीत नाही. लिफ्ट दुरुस्तीचं काम करते, एवढंच आईच्या कानावर आलं होतं. आज-उद्या मला नेतील, आणि मग निरोप उरणार नाही."

काकांना वाटलं, काहीतरी जिवावरचं दुखणं दिसतंय, इस्पितळात नेणार असतील. त्यांनी जास्त खोदून विचारलं नाही. तक्रार लिहिली, खाली सही ठोकली, आणि लिफ्टवाल्यांच्या परवान्यांची यादी मागवली.

बारा वाजता एका कंपनीचा माणूस आला. हातात कागद, पायांत चकचकीत बूट.

"अहो, ही तर आमची! भाडेकरार संपला, म्हातारी वारली. सकाळपासून शोधतोय," असं म्हणत तो थेट बाईच्या मानेकडे हात नेऊ लागला.

"हात खाली!" काका ओरडले. ठाण्यात त्यांचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता.

तेव्हा बाईनं स्वतःच केस बाजूला केले. चट्टा होता.

मग काय, ठाण्यात हसण्याला ऊत आला. कोपऱ्यातला शिपाई म्हणाला, "काका, पाणी कसलं देताय? तेलाची बुधली द्यायची होती!"

काकांचे कान लाल झाले. ते बाईकडे वळले. "बाई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलायला हवं होतं. चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण तुम्ही ‘बसा’ म्हणालात. आई गेल्यापासून मला बसा म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं."

शिपायाचं हसू तोंडातच राहिलं.

गडबड ऐकून फौजदार मॅडम आतून आल्या. वयानं काकांच्या लेकीएवढ्या, पण ठाण्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी कागद वाचला. बाईला नेऊन तिची आठवण कोरी करायची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"काका, नोंद खोडा. ‘चुकीची नोंद’ असं लिहा आणि सही करा. तक्रार उभी असेपर्यंत तक्रारदाराला कुणी ताब्यात घेऊ शकत नाही. आणि यांचा कागद बरोबर आहे."

नोंद लिहिली ज्यानं, खोडायची त्यानंच. काकांनी दौतीचं टोपण काढलं. टाक कागदावर टेकवला. उचलला.

"मॅडम, नियम मोडला तो मी. मान बघितली नाही. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण खोटं असेल तेच खोडता येतं. यात खोटं काय आहे ते दाखवा, आत्ता रेघ मारतो."

मॅडमनी पुस्तक ओढून वाचलं. "वय पस्तीस!"

"ते माझ्या नजरेचं खोटं. तिच्या जिभेचं नाही. तिनं अकराच सांगितलं होतं."

"काका, यंत्र आहे ते."

"असेल. पण एका आईनं आपल्या लेकीसाठी शब्द ठेवलेत, ते कुठे ठेवलेत ते बघत बसायचं, की पोचवायचे? देवाघरी गेलेल्या बाईला आपण काय तोंड दाखवायचं?"

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग कंपनीच्या माणसाकडे. "पाच वाजेपर्यंत थांबा. मुलगी आली तर आली. नाही आली तर काका स्वतः रेघ मारतील. कबूल, काका?"

काकांनी मान हलवली. दुसरं करणार काय?

परवान्यांच्या यादीत मुलगी अर्ध्या तासात सापडली. काकांनी फोन लावला. पलीकडे कुठेतरी साखळी खडखडत होती.

"ठाण्यातून बोलतोय, ताई. तुमच्या आई..."

"आईशी माझा काही संबंध नाही. तिनंच सांगितलंय, पुन्हा उंबरा चढू नकोस म्हणून."

"ताई, त्या सोमवारी वारल्या."

साखळीचा आवाज थांबला.

"तुमच्यासाठी निरोप आहे त्यांचा. पाच वाजेपर्यंत आलात तरच मिळेल."

"मी कामावर आहे," ती म्हणाली, आणि फोन तुटला.

काका ओशाळून म्हणाले, "ठेवला हो फोन."

"कुणी मुलीचं नाव काढलं की आईही असाच ठेवायची," बाई म्हणाली. "मग तासभर फोनपाशीच बसून राहायची."

तीन वाजले, चार वाजले. कंपनीचा माणूस बुटांची टोकं निरखत बसला. काकांनी डबा उघडला आणि न खाताच बंद केला. तोंडानं देवाचं नाव चालू होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

पाचला दहा कमी असताना दारात एक बाई उभी राहिली. कमरेला हत्यारांचा पट्टा, हाताला कोपरापर्यंत वंगण. मधे कुठे थांबलीच नसावी.

तिनं हुबेहूब बाईला आपादमस्तक बघितलं. "हीच का ती, माझ्या जागी आणलेली?"

"तुमच्या जागी नाही. मी आईच्या शिवणयंत्राजवळ बसायची. तुमची जागा खिडकीत होती. तिथं आई कुणालाच बसू द्यायची नाही."

मुलगी रुक्षपणे म्हणाली, "सांग काय तो निरोप."

"कोणता?"

"म्हणजे?"

"रोज संध्याकाळी कात्री खाली ठेवली की आई तुम्हाला काय सांगायचं ते मला सांगायची. आणि झालं की म्हणायची, छे, नाही जमलं, उसव. उद्या पुन्हा टाके घालू. मी एकदा विचारलं, उसवलेलं टाकून देऊ का? तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, चांगला दोरा कुणी टाकतं का?"

"रिळावर गुंडाळून ठेवायची," मुलगी हळूच म्हणाली. "वीतभर असला तरी."

"मीही सगळे निरोप ठेवले. तीन हजार नऊशे बारा आहेत. शंभरेक दिवस आई तुमच्यावर रागावलेली होती, तेव्हाचे नाहीत."

मुलीला हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबरच तिचे डोळे वाहू लागले. वंगणाच्या हातानं तिनं ते पुसले, तर गालभर काळं झालं. काकांनी खुर्ची पुढे सरकवली.

"शेवटचा सांग."

"आईच्या आवाजात सांगू?"

"नको. तुझ्याच."

"रविवारचा आहे. ‘उंचावर चढून काम करतेस म्हणे. दुपारी वेळेवर खातेस का? ये एकदा. शिवायला बसवणार नाही मी तुला.’" बाईनं पेला मांडीवर टेकवला. "त्यानंतर आई ‘उसव’ म्हणाली नाही. झोपली."

तो चेष्टेखोर शिपाई खिडकीकडे तोंड करून उभा होता.

कंपनीच्या माणसानं घसा खाकरला. वाईट नव्हता तोही, पोटासाठीच वणवणत होता. "झालं ना? निरोप पोचला. तक्रार बंद करा, म्हणजे मी नेतो."

हे मात्र काकांच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलगी यावी म्हणून दिवसभर देवाला साकडं घातलं, आणि ती आली म्हणूनच आता बाई जाणार! पण नियम तो नियम. त्यांनी पुस्तक पुढे ओढलं.

"ताई, विचारावं लागतंय. निरोप पोचला का? पोचला म्हणालात, तर इथं सही."

मुलीनं पुस्तकाकडे बघितलं. कंपनीच्या माणसाच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग पेला धरून बसलेल्या त्या बाईकडे.

"एक पोचला," ती म्हणाली.

"आणि बाकीचे?" मॅडमनी विचारलं.

"रोज एक ऐकीन. कामावरून आल्यावर, संध्याकाळचा. आईनं ज्या वेळी सांगितला त्याच वेळी. घाईघाईत उरकायची गोष्ट नाही ही."

"अहो, असं तर दहा-अकरा वर्षं चालेल!" कंपनीचा माणूस उभाच राहिला.

"काय करणार," मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे तक्रारी रेंगाळतात हो. सगळं जग आम्हाला हेच ऐकवतं." आणि काकांकडे न बघता त्या आत निघून गेल्या.

काकांनी लिहिलं: तपास चालू. अक्षर जरा वाकडं आलं. मग चष्मा वर सरकवून त्यांनी विचारलं, "तक्रारदाराचा पत्ता बदलला असेल. काय लिहू?"

बाईनं मुलीकडे पाहिलं.

"माझा लिहा," मुलगी म्हणाली. "सातवा मजला." आणि बाईच्या हातातला पेला काढून घेत तिला म्हणाली, "चल, आक्का. आमची लिफ्ट कधी बंद नसते."