एकविसावं टोपणनाव

चार वाजता फेंगडा पेट्या उघडणार होता, आणि भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

फेंगडा म्हणजे पायसांदू गावाच्या बंदरवस्तीतल्या बाल-फुटबॉल लीगचा अध्यक्ष. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही जरा विचार करूनच आठवायचं. आणि पेट्या म्हणजे लीगचे जुने कारकून डॉन वॉशिंग्टन ओलिवेरा यांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या. लीगमधल्या यच्चयावत पोरापोरींची कार्डं चाळीस वर्षं त्यांतच राहत आली होती. या उन्हाळी सुट्टीत, वर्गातल्या बाकीच्या पोरी नदीकाठच्या वाळूत पडून भाजत होत्या तेव्हा, मायतेनाने ती सहाशे चाळीस कार्डं एकेक करून संगणकात भरली होती आणि ती हाताळणारा प्रोग्रॅमही लिहिला होता. सोळाव्या वर्षी, एकटीने. शाळा उघडल्यावर तांत्रिक शाळेतल्या मास्तरांनी त्याला बारापैकी बारा गुण दिले आणि तेव्हापासून मायतेना जमिनीपासून वीतभर वरूनच चालत होती.

आज मात्र ती चांगलीच आपटली होती.

नावनोंदणीचा शेवटचा दिवस. सहानंतर येणाऱ्या पोराला यंदा मैदान बंद. क्लबच्या दालनात प्रशिक्षक, आया, आज्या आणि बगलेत थर्मास दाबलेले बाप, अशी रांग दारातून निघून पार फुटपाथवर गेली होती. नोंदणीची दोन टेबलं. त्यातल्या कोकाच्या टेबलावरचा संगणक सकाळपासून कितव्यांदा तरी म्हणत होता : डेटाबेसशी जोडणी झाली नाही, वेळ संपली.

"पोरी, हा परत रुसला," कोका म्हणाली. ती क्लबचं कँटीन चालवायची आणि नोंदणीच्या दिवसांत टेबलावर बसायची. सगळी वस्ती तिला अगं-तुगंच करायची. "मी काही केलं नाही हं. नुसतं बघितलं त्याच्याकडे."

"बंद करून परत चालू कर."

"तेच करतेय. तुझा प्रोग्रॅम अगदी माझ्या नवऱ्यासारखा आहे. उठवला की पंधरा मिनिटं काम करतो."

रांगेतल्या बायका खो खो हसल्या. मायतेनाही हसली, आणि पुन्हा नखं कुरतडायला लागली.

तिने करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. डेटाबेस होता ट्रॉफ्यांच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर. त्याच्यापासून इथपर्यंत येणारी केबल तिने बदलली. मधली दिवे लुकलुकणारी डबी बदलली. त्या जुन्या संगणकाला चार हाका मारून पाहिल्या, तर त्याने चारही वेळा ओ दिली. शेवटी तिने प्रोग्रॅमला सांगितलं, पंधरा सेकंदांऐवजी साठ सेकंद वाट पाहा. त्याने झालं इतकंच, की जी वाईट बातमी पंधरा सेकंदांत कळायची ती मिनिटभर ताटकळून कळायला लागली.

फेंगडा टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याच्या दोन पायांमधून चेंडूच काय, गोलरक्षकही गेला असता.

"हे बघ मुली, तू हुशार आहेस. तुझी आईही हुशार आहे. पण चारला मी पेट्या उघडतो, नोंदणी परत कार्डांवर, आणि उघडल्या की उघडल्या. मग हे तुझं यंत्र घरी ने, शाळेत दाखव, गुण मिळव."

"मिळालेत. बारा."

"मग झालं तर. अजून काय पाहिजे तुला?"

तिला काय पाहिजे होतं ते फार सोपं होतं. हे दालन पाहिजे होतं. ही रांग, हा गोंगाट, आणि या सगळ्याच्या मधोमध तिने लिहिलेली गोष्ट खरीखुरी चालताना पाहिजे होती. शाळेतल्या बारा गुणांना कुणी रांग लावत नाही.

पलीकडच्या टेबलावर डॉन वॉशिंग्टन एका बोटाने टाइप करत होते. वय एकाहत्तर, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. प्रोग्रॅमविरुद्ध ते चकार शब्द बोलले नव्हते, आणि मायतेनाला त्याचंच जास्त लागत होतं. सगळ्यात कहर म्हणजे त्यांचा संगणक एकदाही अडकला नव्हता.

एकदाही नाही. मायतेनाने नखं कुरतडणं थांबवलं.

"डॉन वॉशिंग्टन, तुम्ही जरा कोकाच्या जागी बसाल? आणि कोका, तू इकडे ये."

"कशाला गं?"

"ये तर खरी."

दोघांनी खुर्च्या बदलल्या. रांगेत लगेच भांडण लागलं, की आता आपण कुणाच्या रांगेत. मायतेना घड्याळाकडे बघत उभी राहिली. पंधरा मिनिटं झाली. कोकाचा रुसका संगणक डॉन वॉशिंग्टनच्या बोटाखाली गाईसारखा गरीब झाला होता. आणि डॉन वॉशिंग्टनचा सद्गुणी संगणक, ज्याने सकाळपासून हूं की चूं केलं नव्हतं, तो कोकासमोर मिनिटभर गप्प बसला आणि म्हणाला : वेळ संपली.

"कोका," मायतेना हळूच म्हणाली, "आजार संगणकाला नाहीये. तुला आहे."

"म्हणजे मी आता साथीचा रोग?"

"तो पहिल्यापासूनच," मागून कुणीतरी म्हणालं.

मायतेनाला नाचावंसं वाटत होतं. अजून काहीही दुरुस्त झालं नव्हतं, पेट्यांना चाळीस मिनिटं उरली होती, पण चूक दोन टेबलांतून एका बाईच्या दहा बोटांत आली होती. तिथून ती कुठे पळणार?

"आता मी मागे उभी राहते. तू रोज करतेस तसंच कर. मी नाहीच असं समज."

कोकाने आधी रोजच्यासारखा माटेचा, म्हणजे इथल्या कडवट हिरव्या चहाचा, तुंबा हातात घेतला. तो दोन टेबलांमध्ये आणि रांगेच्या पहिल्या चार-पाच जणांत सकाळपासून फिरत होता. एकच तुंबा, एकच नळी. एकाने पिऊन संपवायचा, परत द्यायचा, पुन्हा गरम पाणी, की पुढचा. कोकाने एक घोट घेतला आणि तुंबा हातात धरून कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगायला लागली. गोष्ट लांबली. चौघांचे घसे कोरडे पडले.

"कोका," डॉन वॉशिंग्टन मान वर न करता म्हणाले, "तो माइक नाही. पी आणि परत दे."

हे वाक्य या गावात जन्मल्यापासून मायतेनाने काही नाही तरी हजार वेळा ऐकलं असेल. एक हजार एकाव्या वेळी तिचे डोळे मोठे झाले.

प्रोग्रॅमला डेटाबेसकडे जायला तिने एका वेळी वीसच जोडण्या दिल्या होत्या. जुन्या संगणकावर ताण नको म्हणून. वीस तुंबेच म्हणा ना. एक घ्यायचा, काम झालं की परत ठेवायचा. कुणीतरी घेत होतं आणि परत ठेवत नव्हतं. विसावा गेला की एकविसाव्याने नुसती वाट पाहायची, आणि मग वेळ संपली. प्रोग्रॅम बंद केला की सगळे तुंबे आपोआप जागेवर, म्हणून पुन्हा पंधरा मिनिटं सुखाची. तो जुना संगणक बिचारा कधीच थकला नव्हता. त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

पण तुंबा अडकत होता कुठे?

"पुढचा," कोका म्हणाली.

पुढे आला एक प्रशिक्षक, हातात चुरगळलेला कागद. "माझ्या आठ पोरांचं नूतनीकरण. पहिला लिही, बटाटा."

कोकाने शोधाच्या चौकटीत मन लावून टाइप केलं, बटाटा. संगणक म्हणाला, सापडलं नाही.

"खरं नाव काय त्याचं?"

"बटाटाच. त्याची आई पण बटाटाच म्हणते."

"बरं, दुसरा?"

"अर्धं तिकीट."

सापडलं नाही. मग पिसू, मग तिचा भाऊ मोठा पिसू, मग धुराडं. सापडलं नाही, सापडलं नाही, सापडलं नाही. शेवटी प्रशिक्षकाने सुस्कारा सोडून एकेका आईला फोन लावला आणि बटाटा निघाला ब्रुनो इझागिरे.

मायतेनाने पलीकडे पाहिलं. डॉन वॉशिंग्टन हात पुढे करून म्हणत होते, "ओळखपत्र." नंबर टाकला, पोरगं सापडलं. पुढचं ओळखपत्र. सापडलं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत टोपणनावाला कार्ड मिळालं नव्हतं.

ती आपल्या लॅपटॉपकडे धावली. एका आजीच्या पिशवीला पाय लागला, माफी मागितली, लॅपटॉप उघडला. शोध घेणारा भाग. ओळी तिच्याच, पाठ असल्यासारख्या. जोडणी घे. शोध. सापडलं तर माहिती दाखव आणि जोडणी परत कर. आणि सापडलं नाही तर? तसा निरोप दाखव आणि निघ. निघ. निघताना परत कर असं तिने कुठे लिहिलंच नव्हतं. घरी तपासताना ती शहाण्यासारखी खरी नावं टाकत बसली होती, सगळी सापडणारी. या वस्तीत खऱ्या नावाने कुणी कुणाला शोधतं का, हे तिला जन्मापासून माहीत होतं आणि लिहिताना आठवलं नव्हतं.

"मी गाढव आहे," ती आनंदाने म्हणाली.

"हे नाव आहे का यादीत?" कोकाने विचारलं.

दुरुस्ती तीन ओळींची होती. सापडो, न सापडो, मध्येच काही बिघडो, निघण्याआधी जोडणी परत करायचीच. वाट पाहायची वेळही तिने परत पंधरा सेकंदांवर आणली. चारला दहा कमी असताना नवा प्रोग्रॅम कोकाच्या संगणकावर चढला.

फेंगडा पहिल्या पेटीवर हात ठेवून उभाच होता. "झालं?"

"झालं. पण सिद्ध करायला मला मदत लागेल." मायतेना चक्क खुर्चीवर चढली. सुट्टीआधी ती वर्गात उभं राहून आपलं नाव सांगतानाही अडखळायची. "मंडळी, मला एकवीस टोपणनावं पाहिजेत. एकही खरं नाव नको. एकविसाव्याला हा अडकला, तर पेट्या उघडा आणि मी घरी जाते."

रांगेला आयुष्यात इतकी सोपी परीक्षा कधी आली नव्हती.

"मुंडकं."

सापडलं नाही.

"तेलकट." "सशाची आई." "फाटका मोजा." कोकाची बोटं उडत होती. पाचव्याला दोघीतिघी टाळ्या वाजवायला लागल्या. दहाव्याला फुटपाथवरचे आत घुसले, कारण बाहेर बातमी गेली होती की आत काही सापडत नाहीये आणि सगळे खूश आहेत. बाराव्याला एका बापाने आपल्याच सासूचं टोपणनाव दिलं आणि सासू रांगेतच निघाली.

"अठरा," मायतेना मोजत होती. "एकोणीस."

"जेवणानंतर," एका आजीने सांगितलं. "माझा धाकटा. कायम उशीर."

सापडलं नाही. वीस.

आणि नावं संपली. कोका हट्टाला पेटली होती, जुनं नाव पुन्हा चालणार नाही म्हणे. मायतेनाला माहीत होतं की कुठलंही चाललं असतं, पण सगळं दालन असं डोकं खाजवत नवं नाव शोधत होतं की तो खेळ मोडायची तिची हिंमत झाली नाही. लोक एकमेकांची तोंडं बघत होते. फेंगड्याची बोटं पेटीच्या झाकणाखाली गेली.

डॉन वॉशिंग्टननी घसा साफ केला.

"बेडूकराव," ते म्हणाले.

"हे कोण?" कोकाने विचारलं.

"मी. वयाच्या नवव्या वर्षी. उजवा बचावपटू." त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. "उड्या फार मारायचो."

कोणी हसलं नाही. कोकाने हळूहळू, एकेक अक्षर टाइप केलं, आणि बटण दाबलं. मायतेनाने डोळे मिटले. पंधरा सेकंद मोजायची तिची तयारी होती.

एकही सेकंद मोजावा लागला नाही. तिच्या कानावर आधी कोकाची किंकाळी आली. सापडलं नाही, लगेच, ताबडतोब, कुठल्याही कुरबुरीशिवाय सापडलं नाही, आणि दालन असं उसळलं की ट्रॉफ्यांच्या खोलीत काहीतरी खणकन पडलं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. कुणीतरी डॉन वॉशिंग्टनना बेडूकराव म्हणून हाक मारली आणि त्यांनी चक्क ओ दिली.

मग काय, रांग सुसाट सुटली. सहाला पाच कमी असताना शेवटची पोरगी नोंदली गेली, आणि मधल्या दोन तासांत कोकाने आणखी शंभरएक खोटी नावं टाकून पाहिली ती निव्वळ हौस म्हणून.

मायतेना लॅपटॉप पिशवीत घालत होती तेव्हा फेंगडा आला. शाबासकी वगैरे त्याच्या स्वभावात नव्हती.

"पुढच्या शनिवारी सामन्यांचे निकाल भरायचे आहेत तुझ्या त्याच्यात. नऊला ये."

"दहाला," मायतेना म्हणाली. "शनिवारी मी झोपते."

"साडेनऊ."

"दहा. आणि टोपणनावाचा रकाना पण मी घालणार."

फेंगड्याने तिच्याकडे खालून वर पाहिलं, जणू एखाद्या नव्या मध्यरक्षकाची उंची मापत होता.

"बरं. दहा."

ती शांतपणे, मोठ्या माणसासारखी दारापर्यंत गेली. शांतपणे पायऱ्या उतरली. कोपऱ्यापर्यंतही नीटच चालली. आणि कोपरा वळल्यावर, आपल्याला कुणी पाहत नाही याची खात्री करून, तिने जी धूम ठोकली ती उतारावरून थेट नदीपर्यंत. वाटेतल्या प्रत्येक झाडाखाली उडी मारून तिने फांदीला हात लावायचा प्रयत्न केला. अकरापैकी नऊ फांद्या लागल्या.