नववा फोटो

मारुंजीच्या त्या कंपनीत गौतमी सकाळपासून साहेबलोकांचे फोटो काढत होती. वेबसाइटसाठी म्हणे. पण एचआरच्या मॅडमना त्यातल्या नऊ जणांचे फोटो छापून हवे होते, तेही न हसता. वेबसाइटला छापील फोटो कशाला, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

आठ फोटो तिने गेटवर नेऊन दिले, तर वॉचमन कोंडिबा ते केबिनमध्ये चिकटवू लागला.

"उद्यापास्नं ह्यास्नी आत सोडायचं न्हाई. कुटं बोलू नगंस."

ती तडक जिना चढली. वर नववा माणूस टाय सारखा करत बसला होता. मनीष, तिच्याच घरातला भाडेकरू. त्याने आपला चेहरा वाचला तर? तिने घाईघाईने कॅमेरा तोंडापुढे धरला.

"हसू नका." तिचा आवाज चिरकला.

मनीष खो खो हसला. "का हो ताई, पोलिसांत द्यायचाय का फोटो?"