बसऱ्याले गेलेला फेटा

"ओ नवरदेव, तास चुकला बरं का! तुमची नवरी पल्याडच्या तासात हाये!"

अंबूबाई बोलली अन् सारं वावर हसाले लागलं. माह्याच वावरात कापसाची पयली वेचनी चालली व्हती. धा-बारा बाया अन् चार मानसं पोटाले वट्या बांधून आपापल्या सरीचा तास धरून वेचत व्हते. ऊन डोयावर आलं म्हनून कडूबा आपला तास सोडून अंबूबाईच्या तासात शिरला. झालं त एवढंच. मी म्हनते, वावरात तास कोनाचा चुकत नाई? पन दुसऱ्याचा चुकला त कोनी पाहत नाई, अन् कडूबाचा चुकला की गावाले सन लागते.

कडूबानं वटी सोडली, सारा कापूस गंजीवर वतला अन् कंबरेवर हात ठेवून उभा राह्यला.

"बस झालं! मी या मुलखात राहतच नाई!"

कडूबा माहा चुलत दीर. मानूस गाईवानी गरीब. तो असा बोलला म्हनून मले धक्काच बसला.

"काऊन बे, कुठी जातं? वेचनी कोन करीन, तुहा आजा?"

"बसऱ्याले जातो, वैनी. अमीरबीचा रज्जाक गेला तसा. गोऱ्या साहेबाले तिथं मानसं पाह्यजेत म्हने. समिंदराच्या पल्याड मले कोन वयखते? निस्तं कडूबा म्हनतीन सारे. कडूबा!"

सोताचं नाव त्यानं असं घेतलं जसा तोंडात गुयाचा खडा ठेवला. मले हसूही आलं अन् वाईटही वाटलं. त्या जर्मनच्या लढाईच्या सालात कोनी पगारासाठी बसऱ्याले गेलं, कोनी भावाशी भांडून गेलं. पन निस्तं टोपननाव टाकाले समिंदर वलांडाले निघालेला मी हा एकटाच पाह्यला.

आता ते नाव कसं पडलं, तेही सांगून टाकते. बारा वर्सं झाले. कडूबाचं लगन पिपयगाव राजाले, गीताबाईशी. गोरज मुहूर्त. घोडी फकीर मोहम्मदची, भाड्यानं आनलेली. डफडं वाजलं, घोडी बुजली, अन् नवरदेवाले घेऊन जे पयाली ते थेट आपल्या तबेल्याकडं. आता तबेल्याले लागूनच दुसऱ्या एका लगनाचा मांडव. त्याइचा नवरदेव आला नव्हता, मुहूर्त टयत चालला व्हता, भटजी वरडत व्हता. तेवढ्यात हा बाशिंगवाला दारात हजर! बायाइनं पाय धुतले, ओवायलं अन् नेऊन पाटावर उभा केला. बाशिंगानं कडूबाले काई दिसे नाई, अन् नवरदेवानं बोलू नाई म्हनून सांगून ठेवलं व्हतं. दोन मंगलाष्टका झाल्या की बाप्पा! तिसरीले त्याइचा खरा नवरदेव वाजतगाजत आला, तवा अंतरपाट खाली पडला अन् एकच गोंधय झाला.

कडूबा चपला हातात घेऊन पयाला. गीताबाईशी लगन त्याच मुहूर्तावर लागलं, संसारही बरा झाला, दोन पोरं झाले. पन तवापासून पंचक्रोशीत त्याचं नाव 'चुकला नवरदेव'. बैल घ्याले गेला त बैलवाला इचारे, "तुमीच का ते?" सासुरवाडीचा न्हावीही हसे. बारा वर्सं त्यानं ते खाली मान घालून आयकलं. अंबूबाईनं त्या दिसी फक्त शेवटची काडी टाकली.

कडूबा तसाच उठून जोशीबोवाकडं गेला. जोशीबोवा म्हने, येत्या बुधवारी सकायी चांगला मुहूर्त हाये, त्याच्यानंतर लांबच्या पल्ल्याले दिवस नाई. अन् साहेबाची भरती त खामगावले संक्रांतीच्या पुढं. मंग कडूबानं पस्तान ठेवलं. आपल्याकडं चालच हाये, मुहूर्तावर निघता नाई आलं त आपलं गाठुडं जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवाचं. गाठुडं निघालं म्हंजे मानूस निघाला. मंग ते वापस घरी आनलं की मोठा अपशकुन.

बसरा म्हने सूर्य बुडते तिकडं. अन् त्या अंगाचं गावातलं शेवटचं घर माहं. बुधवारी सकायीच कडूबा गाठुडं घेऊन आला. सुपारी, हयकुंड, मूठभर जवारी, एक धोतर, अन् लगनातला लाल फेटा. मी ते कोनाड्यात ठेवलं. मांगं वयून पाह्यलं त सोताच्या घराच्या दारात गीताबाई उभी. मी पाह्यलं तशी आत गेली.

पन रोज दिवेलागनीले यायची. कधी विरजन पाह्यजे, कधी चुलीले इस्तो पाह्यजे. अन् डोये कोनाड्याकडं.

"जाऊबाई, उंदीर त नाई लागत ना त्याले?"

"लागू दे ना! खाऊ दे त्याले. फेटाच नसला त जाईन कसा तुहा नवरा?"

"नोको वं माय. त्याइचा लगनातला फेटा हाये." असं म्हने अन् पदर तोंडाले लावून इस्तो न घेताच जाये. मी कडूबाले मनातल्या मनात धा शिव्या दिल्या. मानसाले नावाची लाज वाटते, अन् घरातली बाई दिसत नाई.

इकडं त्याची वेगयीच फजिती. एकुलता एक फेटा गाठुड्यात. दिवाई आली, शेगावले सोयऱ्याचं लगन निघालं, अन् हा डोक्शाले फडकं गुंडाळून! कोनी इचारलं, "फेटा काय झाला हो?" त म्हने, "बसऱ्याले गेला." झालं, हसाले आनखी एक कारन.

गाठुडं ठेवल्याबरोबर त्यानं भगवंतराव मास्तराकडून रज्जाकले पत्र धाडलं व्हतं. त्यात एकच गोठ इचारली, तिथं मले वयखनारं कोनी हाये का? रज्जाक आमच्या अमीरबीचा पोरगा. गाद्या पिंजाचं काम करे, लढाई लागली तसा मजुराईत भरती झाला. मायले त्याचे पत्रं येत, पन साऱ्याइत रडगानं. खजूर खाऊन तोंड आलं, माती तापते, जीव लागत नाई. अमीरबी ते आयकून चार-चार दिवस जेवे नाई.

जवाब आला तो तुरीच्या सोंगनीच्या वक्ताले. अमीरबीच्या ओट्यावर सारी आयी-गल्ली जमली. कडूबा पुढं बसला, देवाचा कौल घ्याले बसावं तसा. मास्तरानं चष्मा लावला अन् वाचाले सुरवात केली.

"कडूबाभाऊले रज्जाकचा सलाम. भाऊ, तू इचारलं, इथं मले वयखनारं कोनी हाये का. अरे, कोन नाई वयखत? एका राती साऱ्याइले घराची याद येऊन राह्यली व्हती, कोनीच बोले ना. मी तुह्या लगनाची कहानी सांगतली. फकीरचाच्याची घोडी, बाशिंग, दोन मंगलाष्टका. हसू हसू लोयले भाऊ! आता रोज सांगा लागते. पंजाबी आयकतात, मद्रासी आयकतात. एका सिंध्याचा भाऊ इथंच मेला, तो दोन महिने बोलला नव्हता. तो हसला अन् मंग रडला अन् मंग जेवला. आमच्या साहेबानंही दुभाष्याकडून आयकली. तू जरूर ये. आमी खेचर सजवून ठेवलं हाये, बंदरावरून तुही वरात काढनार हावो."

ओट्यावर कोनी धड बसून राह्यलं नाई. अंबूबाई त लोयत व्हती. कडूबानं दोन्ही हातानं डोक्शाचं फडकं धरलं. मले वाटलं, आता हा हिरीत उडी घेते.

तेवढ्यात अमीरबी उठली. तिनं कडूबाच्या तोंडावरून हात फिरोले अन् आपल्या कानशिलावर बोटं मोडले. डोयातून पानी चाललं व्हतं.

"सातवं पत्र हाये हे, कडूबा. आज पयल्यांदा माहा रज्जाक हसला. तुह्यापायी हसला रे बेटा. आज मी पोटभर जेवीन."

हसनं थांबलं. कडूबा उठला अन् चालाले लागला. मी त्याच्या मांगं पयाली, त तो माह्याच दारात उभा.

"वैनी, गाठुडं दे."

"निघाला का बे खरंच?"

"कुठी निघू? मी त कवाचाच पोचलो न तिथं. जोशीबोवाचा मुहूर्त मोठा पक्का. पस्तान इथं ठेवलं अन् मी माह्या आंधी बसऱ्याले!" अन् हसला, बारा वर्सात पयल्यांदा सोतावर हसला.

"अन् गाठुडं घरी नेलं त अपशकुन?"

"गेलेला मानूस वापस आला, त्याचा कायचा अपशकुन!"

त्यानं लाल फेटा झटकला. एका कोपऱ्याले उंदरानं कुरतडलं व्हतं. तसाच बांधला अन् निघाला. पन खबर त्याच्या आंधी घरी पोचली व्हती. गीताबाई दारात उभी, हातात भाकरतुकडा अन् पान्याचा तांब्या, परमुलखातून आलेल्यावरून ओवायतात तशी. सारी आयी मांगं. बारा वर्सात गीताबाईनं त्या नावाचा उच्चार केला नव्हता. त्या दिसी भाकरतुकडा ओवायला, पायावर पानी वतलं, अन् गालातल्या गालात हसून म्हने,

"नवरदेव, नीट पाहून घ्या. मांडव हाच हाये ना?"

कडूबानं फेटा सावरला.

"हाव. आवंदा पायी आलो, घोडीवर नाई."