बिशपचा खड्डा

"दोन इंच बास झालं," नोरीन म्हणाली. "मेंढरं आणायचीत आपल्याला, चंद्रावर न्हाई जायचं."

"दोन इंचानं काय हुतंय?" क्लेम म्हणाला. "ओढ्यात बुडलो तर दोन इंच उशिरा बुडू, एवढंच."

बेव्हनच्या गॅरेजात सकाळपासून या नवरा-बायकोची जुंपली होती. क्लेमची पिकअप जॅकवर चढली होती. स्प्रिंगा आणि पाटे बदलून ती किती उचलायची आणि टायर केवढे टाकायचे, हे काही ठरत नव्हतं. बेव्हन गाडीखाली उताणा होता. त्याचे नुसते बूट दिसत होते, त्यामुळे सल्ला बुटांकडूनच येतोय असं वाटत होतं.

"चार इंच उचल गड्या," बूट म्हणाले, "आन तेहेतीस इंची टायर टाक. चिखल खालनं जाईल, तू वरनं जाशील. एकमेकाची वळखसुदीक व्हायची न्हाई."

"ह्यो टायर इकतोय," नोरीन म्हणाली. "केस वाढल्यात का, हे न्हाव्याला इचारायचं नसतं."

बिशपला कुणी विचारलंच नाही. बिशप म्हणजे क्लेमचा अकरा वर्षांचा मेंढ्या हाकणारा कुत्रा. त्याने नव्या टायरचा वास घेतला, एक पाय वर केला आणि आपलं मत ओल्या शाईत नोंदवून टाकलं.

क्लेमला चार इंचच का हवे होते, ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्या मुलखातली काळी माती सुकी असली की विटेसारखी आणि भिजली की सासुरवाडीसारखी. पाय रुतला की सोडत नाही. मागच्या पावसात क्लेम ओढ्याकाठी रुतला आणि शेजारच्या रॉसने ट्रॅक्टर लावून त्याला ओढून काढला. त्यात कमीपणा नव्हता. चिखलात वैऱ्यालाही टाकून जायचं नाही, ही तिथली रीत. पण रीतीला शेपूट होतं. ज्याने ओढलं, त्याने पुढचा पाऊस पडेपर्यंत ती गोष्ट पबमध्ये सांगायची, आणि ज्याला ओढलं, त्याने ती बसून ऐकायची.

आणि पुढचा पाऊस दोन वर्षं पडला नाही.

दोन वर्षं क्लेमने दर शुक्रवारी स्वतःला रुतताना ऐकलं. गोष्टीतला चिखल आधी गुडघ्याएवढा होता, तो हळूहळू छातीपर्यंत आला. अलीकडे तर गोष्टीत क्लेम रडायलाही लागला होता.

तेव्हा चार इंच. वर टायर मोठे. गाडी सगळी मिळून वीतभर तरी चढली. क्लेम ऐटीत घरी आला, मागच्या हौद्याचा फाळका पाडला आणि शीळ घातली. बिशप धावत आला, उडी घेतली, हौद्याच्या कडेवर छाती आपटली आणि खाली बसला. मग त्याने गाडीकडे पाहिलं, क्लेमकडे पाहिलं, आणि इतका वेळ पाहिलं की शेवटी क्लेमनेच मान वळवली.

बिअरचा क्रेट पायरी म्हणून ठेवला, तर बिशप त्याला वळसा घालून गेला. उचलायला गेलं की गुरगुरायचा. केबिनमध्ये कोंबला तर उतरल्यावर दिवसभर काम बंद. आणि ओढ्यापलीकडच्या सखल कुरणात तीनशे गाभण मेंढ्या. पाऊस आला की ओढा फुगायच्या आत त्या उंचावर काढायच्या, आणि हे काम बिशपशिवाय होणार नव्हतं. क्लेमने एकदा एकट्याने हाकून पाहिलं होतं. मेंढ्यांनीच त्याला हाकला होता.

दोन दिवस विचार करून क्लेमने फावडं घेतलं. घराशेजारच्या शेडपुढे फूटभर खोल दोन खड्डे खणले आणि मागची चाकं बरोब्बर त्यांत उतरवली. हौदा खाली आला. बिशपने डौलात उडी मारली.

"गाडी वर चढवायला गॅरेज," नोरीन दारातून म्हणाली, "आन खाली उतरवायला फावडं. सरळ दोन इंच ऐकलं असतंस तर?"

"कुत्रा चढला का न्हाई?"

"चढला की. आता मला चढायला बी एक खड्डा खण."

अखेर एका संध्याकाळी आभाळ भरलं. पहाटेच निघता यावं म्हणून क्लेमने गाडी खड्ड्यांत लावून ठेवली. रात्रभर पाऊस झोडपत होता. उजाडताच क्लेम उठला, शीळ घातली, बिशप टुण्णकन हौद्यात. क्लेमने गाडी सुरू केली.

पुढची चाकं ओल्या मातीवर नुसती घसरली. मागची तेहेतीस इंची मात्र अशी उकरायला लागली की पाच मिनिटांत गाडी पोटावर बसली. चिखल उडून स्वयंपाकघराची खिडकी काळी झाली.

नोरीन रेडिओ घेऊन आली. त्या रेडिओवर एक बोललं की सगळा मुलूख ऐकायचा.

"न्हाई," क्लेम म्हणाला.

"ओढा चढतोय. मेंढरं का नाक, बोल."

क्लेमने ओढ्याकडे पाहिलं, मग बटण दाबलं. "रॉस, हायस का?"

"हाय की! ओढ्यात रुतलास जणू?"

"न्हाई."

"मंग कुठं?"

आसपासच्या वीस घरांत चमचे हवेत थांबले असणार.

"अंगणात," क्लेम म्हणाला.

रॉस ट्रॅक्टर घेऊन आला. खड्डे पाहिले, हौद्यातला बिशप पाहिला, सगळी हकिगत ऐकली आणि साखळी अडकवता अडकवता थांबला.

"क्लेम, लेका, मेंढरं ट्रकात चढवायचा तुझा उतार हाय की तितं. त्येच्याला गाडी लावली असतीस, तर कुत्रा त्येच्यावरनं सरळ हौद्यात आला असता."

क्लेमने मान वळवली. उतार वीस पावलांवर होता. बारा वर्षं तिथंच होता.

"ओढ," क्लेम म्हणाला.

गाडी निघाली. ओढ्याला दारापर्यंत पाणी होतं, पण गाडी म्हशीसारखी शांतपणे पार झाली. बिशपने पलीकडे खाली उडी टाकली आणि दुपारच्या आत तीनशेच्या तीनशे मेंढ्या उंचावर नेल्या. एकही दगावली नाही. येताना तो टेकाडावरून हौद्यात आला, कुणी न सांगता.

शुक्रवारी क्लेम पबमध्ये छाती काढून शिरला. "आयका, दारापर्यंत पानी आन माजी गाडी—"

"ते ऱ्हाऊ दे," चौघं एकदम म्हणाले. "आधी अंगणाचं."

कोपऱ्यातल्या टीव्हीवर हवामान सांगणारी बाई हसत होती. पाऊस सरला, आता कित्येक महिने आभाळ स्वच्छ, कोरडं, सहलीला उत्तम.

रॉसने सगळ्यांना बिअर सांगितली, क्लेमलाही एक, आणि खुर्ची पुढे ओढली.