मोहाच्या घोटाचा न्याय

“लाल झाली! लाल झाली!”

सायखेड्याला धनराज शेटच्या द्राक्षबागेत, मजुरांच्या झोपड्यांपुढे एकच गलका उठला. नवसाबाईचं तोंड बघता बघता लालभडक झालं, छाती भात्यासारखी उडू लागली आणि बाई मटकन खाली बसली. टोळीतल्याच सहादू भगताने घुमणं थांबवून मिशीवरून हात फिरवला. “देवीनं दावली! हीच भुताळीण! हिनंच पोराला धरलंय!”

पोर म्हणजे सरिताचं सहा महिन्यांचं बाळ. तीन दिवस जुलाबांनी मलूल पडलं होतं. पेठकडची ही टोळी ऑक्टोबरच्या छाटणीला आली होती. भगताने टोळीतल्या पाच बायांना ओळीने बसवून मोहाच्या दारूचा एकेक घोट पाजला. दोषी असेल तिचं तोंड देवी रंगवील, असा त्याचा कायदा. देवीला म्हणे साक्षीपुरावा लागत नाही, दारू मात्र लागते!

बाळाला तपासायला आलेली सविता नर्स गर्दीत घुसली ती थेट नवसाबाईपाशी. नाडी धावत होती. बोटांची सालपटं निघाली होती.

“आज काय काम केलंस?”

“पेस्ट लावली, बाई. काड्यांना.”

छाटलेल्या वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून हे औषध त्या वर्षी नवीनच आलं होतं. कापडाच्या बोळ्याने ते काडीकाडीला चोळायचं.

“उघड्या हातांनी? या चौघींकडे तर हातमोजे आहेत.”

“पाचच जोड व्हते. सरितेचा फाटला. मंग माझा तिला दिला. ती अंगावर पाजती ना.”

सविताने औषधाचा डबा मागवला आणि बारीक अक्षरांतला मजकूर मोठ्याने वाचला. औषध हाताळल्यावर दारू घेऊ नये. तोंड लाल होते, धाप लागते, चक्कर येते.

“पन ती औषध प्याली कुठं?” नवसाबाईचा नवरा लहानू म्हणाला. “हाताला लागलं ते आत कसं जाईल?”

प्रश्न रास्त होता. सविताने लसूण ठेचायला लावला, लहानूच्या तळपायाला चोळला आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधली. मग ती बाळाला चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत बसली. तासाभराने लहानूने जीभ टाळूला लावली. “आयला, तोंडात लसूण लागतोय!”

“पायाला चोळलेला तोंडात आला. तसंच औषध कातडीतून रक्तात जातं. वर दारू पडली की असं होतं.” तिने डबा भगतापुढे धरला. “तू निर्दोष ना? बुडव हात आणि घे घोट.”

सहादूने हात पाठीमागे नेले.

“त्यो कसला घेतोय!” म्हातारा बारकू ओरडला. “गेल्या आठवड्यात पेस्ट लावून प्याला तवा ह्योच लाल झाला व्हता. तवा म्हनला, अंगात आलं! भगत लाल झाला तं देव, बाई लाल झाली तं भुताळीण व्हय रं?”

सगळे हसले. आपण जिंकलो, असं सविताला वाटलं. लहानू मात्र हसला नाही.

“तुमचं खरं असंल, बाई. पन आपल्या टोळीचा टेम्पो ही बातमी घेऊन मघाशीच पेठला गेला. पाड्यावर कळलं असंल. हिला घरात घेतली तं मलाबी वाळीत टाकतील.”

नवसाबाई हळूच म्हणाली, “दर होळीला मी मोहाची घेते, बाई. कधी तोंड लाल नाय झालं. आता झालं. म्हंजी माझ्यातच काय तरी असंल ना?”

सविताने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. ती “व्हय बाई, व्हय बाई” म्हणत राहिली. लसूण दुसऱ्याच्या पायाला लावता येतो, पण कुणाच्या मनातलं भय असं तासाभरात निघत नाही, हे सविताला तेव्हा कळलं आणि तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी बाळ खेळू लागलं. श्रेय अर्थातच सहादूला मिळालं. भुताळीण धरली गेली ना! नवसाबाई झोपडीत नव्हती. कुठे गेली ते लहानूने विचारलंही नाही.

शहाण्यांनो, देवी तोंड रंगवत नाही. औषध रंगवतं, आणि ते कातडीतूनच आत शिरतं. कुणाला भुताळीण म्हणण्याआधी तिचे हात बघा, आणि काम झालं की आपले हात धुवा. एवढंच सांगणं आहे, आणि तेवढंही ऐकलं जात नाही.

त्याच दिवशी सरिता वेलीपाशी उघड्या हातांनी पेस्ट लावत होती.

“हातमोजे कुठे गेले?” सविता नर्सने विचारलं.

“जाळले, बाई. भुताळणीच्या हातचे व्हते.”

तेवढ्यात वेलीखाली निजवलेलं बाळ रडलं. “आधी हात धू!” सविता ओरडली. सरिताने पदराला हात पुसले आणि बाळाला छातीशी घेतलं.