रुपीआजीच्या डोक्यातले दाणे

मित्रांनो, मी एमआरआयची एक जुनी फिल्म आहे. वय म्हणाल तर दोनच वर्षं, पण सबंध पावसाळा झाडाला लटकून काढलेलीला नवी कोण म्हणेल? माझ्यावर साखरशेत पाड्यावरच्या रुपीआजीच्या डोक्याचे वीस फोटो आहेत. उजेडासमोर धरलं तर दिसतात, एरवी मी काळी ठिक्कर. स्वभावाने मात्र समाधानी हो!

रुपीआजी धवलेरी आहे. म्हणजे गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. सगळी गाणी तोंडपाठ, वही नाही की कागद नाही. पण एकदा भर मांडवात तिला पुढची ओळच आठवेना. मग आवाज जाडा झाला, तोंड सुजलं, उन्हात बसूनही थंडी वाजू लागली, चालताना तोल जाऊ लागला. लोक म्हणाले, वय झालं. नात प्रगती मात्र हट्टी. तिने आजीला जव्हारला डॉक्टर नीताबाईंकडे नेलं. रक्त तपासल्यावर थायरॉइडचं दुखणं निघालं. गळ्यातली ही ग्रंथी कामचुकार झाली की अंगही सुस्तावतं आणि डोकंही. बाईंनी गोळ्या दिल्या आणि तोल जातो म्हणून डोक्याचे फोटो काढायला नाशिकला पाठवलं. तिथे माझा जन्म झाला.

काय कौतुक झालं माझं! अख्ख्या पाड्याने मला उन्हात धरून पाहिलं. मेंदूच्या आतल्या भागात बारीक पांढरे ठिपके होते. पाड्यावरचा फागू भगत सुपात तांदळाचे दाणे टाकून दुखणं पाहतो, म्हणून सगळ्यांना ते दाणेच वाटले. बाईंनी समजावलं होतं, की असे ठिपके वयाने येतात, रक्तदाबाने येतात, थायरॉइडच्या माणसांतही दिसतात. एका फोटोवरून काही सांगता येत नाही. वर्षाने दुसरा काढून ताडून पाहू, तोवर ही फिल्म जपा.

चार महिन्यांत आजी सुधारली, गुणगुणायला लागली. आणि तिथेच घोटाळा झाला. इकडे दुखणं उतरवून गावाच्या शिवेवर ठेवायची रीत आहे. आजीला वाटलं, डोक्यातलं दुखणं निघून या काळ्या कागदावर उतरलं, म्हणूनच तर बरं वाटतंय. तिने एक नारळ, उरलेल्या गोळ्या आणि मला एका पिशवीत घातलं, आणि गुपचूप शिवेवरच्या ऐनाच्या झाडाला टांगून आली.

शिवेवरच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. लावला तर दुखणं घरी येतं म्हणतात. काल मला उन्हात धरून पाहणारे आता तोंड फिरवून जायचे. वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू? पाऊस आला, पिशवीत पाणी शिरलं, माझा एक कोपरा पार गेला.

भादव्यात आजीचा आवाज पुन्हा जाडावला. प्रगतीचं लग्न माघात ठरलं होतं आणि आजी म्हणाली, दुसरी धवलेरी बघा. प्रगती रडली. खोदून खोदून विचारलं तेव्हा आजीने सगळं सांगितलं. बाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि जुनी फिल्म मागितली. नाशिकच्या मशीनवर जुने फोटो सापडत नव्हते. प्रगती धावत शिवेवर आली, पण मागून बायका आल्या. त्यांनी तिचा हात धरला. नवरी मुलगी, शिवेवरचं कसं घेईल?

शेवटी फागू भगताला बोलावलं. शिवेवरचं काढायचा मान त्याचाच. त्याने मला पिशवीतून काढून पुसलं, सूर्यासमोर धरून खूप वेळ पाहिलं.

"रुपे, दुखणं यात नाय," तो म्हणाला. "ही त्याची सावली हाय. सावली टांगून दुखणं जात नाय. माझ्या सुपातले दाणे मला कळतात. हे डागतरणीच्या सुपातले, तिलाच दाखव."

आणि मला स्वतः आजीच्या दारापर्यंत घेऊन आला.

पौषात नाशिकला माझी धाकटी बहीण जन्मली. नीताबाईंनी आम्हा दोघींना शेजारी शेजारी उजेडावर लावलं. एकेक ठिपका बोटाने मोजला. आजीने प्रगतीचा हात घट्ट धरला होता.

"नवा एकही नाही," बाई म्हणाल्या. "जुने पुसले जातील असं मी सांगत नाही. पण गोळी चुकवायची नाही."

आता मी आजीच्या घरी खिडकीला असते. सकाळचं ऊन माझ्यातून आत येतं. माझ्याकडे बघत आजी अनशापोटी गोळी घेते, मग चुलीकडे वळते. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी कपाटामागे पडली असेल. मित्रांनो, तिला टाकू नका, उद्या ताडून पाहायला तीच लागेल. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नका रे.

माघात प्रगतीचं लग्न झालं. मांडव दारातच होता, मला खिडकीतून सगळं दिसत होतं. आजीने गाणं धरलं आणि मध्येच थांबली. प्रगतीने मान वर केली. आजीच्या डोक्याचे वीस फोटो माझ्याजवळ आहेत, पण ती ओळ त्यात कुठेच नव्हती, मी काय मदत करणार? आजीने डोळे मिटले आणि पुढची ओळ म्हटली.