लाजू नका, बोला

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जिने भरले होते, खिडक्यांत माणसं बसली होती, आत न मावलेले बाहेर मोबाइलवर हाच कार्यक्रम बघत होते. स्टेजवर डोळे मिटून बसलेल्या माणसाला सगळे अंतर्यामी म्हणत. कधी न भेटलेल्या माणसाचं दुखणंही त्यांना दिसतं, अशी ख्याती.

"एक भाऊ आहे," अंतर्यामी म्हणाले. "रंगकाम करतो. खोकल्यातून रक्त पडतं. घरी सांगितलेलं नाही."

मागच्या रांगेतला एक रंगारी रडतच उठला. टाळ्या थांबेनात.

मागच्या वर्षी माझी बायको अशीच उठली होती. मी शिंपी. ती दुकानात माझ्यासमोर बसून काजं-बटणं करायची. जन्मभर समोरासमोर बसलो, पण छातीतली गाठ तिने मला सांगितली नव्हती. लाजली. ती अंतर्यामींनी भर सभेत सांगितली, आणि वर बजावलं की ताई, सुरी लावू देऊ नकोस. मग त्यांची राखेची पुडी सुरू झाली. मी दवाखान्याचं नाव काढलं की ती म्हणायची, "तुम्हाला नाही कळलं ते त्यांना कळलं ना?" शेवटी हातापाया पडून तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

ती गेल्यावर मुलगी आईच्या मोबाइलमध्ये फोटो शोधत होती. तिला भलतंच सापडलं. सरकारी रुग्णालयाने फेसबुकवर एक पोस्टर टाकलं होतं: 'लाजू नका, बोला.' त्याखाली बायकोने लिहिलं होतं, "डॉक्टर, डाव्या बाजूला हाताला गाठ लागते. दुखत नाही. काजं-बटणं करते, वाकून बसते, त्याने असेल का? घरी बोलले नाही. कधी येऊ?"

हे डॉक्टरच वाचतील, दुसरं कोणी नाही, असं तिला वाटलं असणार. रुग्णालयाने तिला एक लाल बदाम पाठवला होता. उत्तर नाही. अशाच कितीतरी जणांनी आपली दुखणी त्या पोस्टरखाली लिहून ठेवली होती. सगळ्यांना बदाम. उत्तर द्यायला तिथे दुसरेच हजर होते. अंतर्यामींचे भक्त प्रत्येकाला गोड शब्दांत सभेचं आमंत्रण देत होते.

मुलगी म्हणाली, "बाबा, याला दिव्यदृष्टी नाही. नुसतं नेट लागतं."

आम्ही रुग्णालयात गेलो. ते पान सांभाळणाऱ्या बाईंनी सरळ सांगितलं की पोस्टर टाकायचं आणि किती लोकांनी पाहिलं ते वर कळवायचं, एवढंच त्यांचं काम. उत्तर कोणी द्यायचं, हे ठरलंच नव्हतं.

मग मुलीने आईच्याच मोबाइलवरून त्या पोस्टरखाली लिहिलं की आता खांदाही दुखतो, सुई धरवत नाही. आणि आम्ही सभेला येऊन बसलो.

रंगाऱ्यानंतर अंतर्यामींनी पुन्हा डोळे मिटले. "सुईदोऱ्याची ताई. दुखणं खांद्यात उतरलंय. घाबरू नकोस ताई, ते निघायच्या वाटेवर आहे. पुडी दुप्पट कर. नातवंडं खेळवशील."

मी उभा राहिलो. "महाराज, तिला जाऊन सहा महिने झाले. खांद्याचं माझ्या मुलीने लिहिलंय, रुग्णालयाच्या पोस्टरखाली."

अंतर्यामींनी डोळे उघडले नाहीत. "आत्म्याची वेदनाही मला दिसते."

"मग आत्म्याला खांदा कुठला?" खिडकीतल्या एका म्हातारीने विचारलं.

कोणी हसलं नाही. रंगारी खाली बसला, खिशातून मोबाइल काढला आणि हळूच म्हणाला, "मीपण तिथेच लिहिलं होतं." मग सगळीकडे माणसं मोबाइल काढून आपापलं लिहिलेलं शोधू लागली.

अंतर्यामींच्या सभा अजून होतात, दुसऱ्या गावांत. तिथल्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या मनातलं कोणाला दिसत नाही. कुणी अचूक सांगितलं तर हात जोडण्याआधी आठवून बघा, हे आपण कुठे लिहिलं, कुठे बोललो. दुखणं डॉक्टरांच्या समोर बसून सांगा. आणि ज्यांनी लोकांना 'बोला' म्हटलंय, त्यांनी उत्तर द्यायला माणूस बसवावा. जिथे तुम्ही गप्प राहता तिथे भोंदू बोलतो.

रुग्णालयाने आता एक परिचारिका बसवली आहे. रंगाऱ्यावर उपचार चालू आहेत. परिचारिका जुन्या प्रश्नांनाही ओळीने उत्तरं देते. काल ती बायकोच्या प्रश्नापर्यंत पोचली. लाल बदामाखाली तिने लिहिलंय, "ताई, वाट बघू नका. उद्याच या."